पायथॉन की जावा? आधी काम काय ते सांगा

बारावी झाली, कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला की यातली कुठली प्रोग्रॅमिंग भाषा आधी शिकायची, हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या वाट्याला मात्र मोठ्यांचं भांडणच येतं. त्या भांडणातून कुणाचा निर्णय झालेला मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा दोन्ही भाषांना एकच गणित घाला.

१३ चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १३ चा गुणाकार, काढा. जावामध्ये उत्तर 'इंट'मध्ये, म्हणजे पूर्णांकासाठीच्या ३२ बिटांच्या जागेत, ठेवलंत तर १९३२०५३५०४ येतं. खरं उत्तर आहे ६२२७०२०८००. ना एरर, ना इशारा. ३२ बिटांत मावलं नाही ते गळून गेलं. १२ पर्यंत सगळं बरोबर येतं, त्यामुळे शंकाही येत नाही. 'लाँग' ही त्याहून मोठी जागा घेतली की २० पर्यंत निभतं, २१ ला पुन्हा तेच. पायथॉनमध्ये पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, उत्तर बरोबर येतं.

म्हणून पायथॉन सरस म्हणायची? हिशोबाच्या एखाद्या ओळीत 'टोटल'चं स्पेलिंग चुकलं, तर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत पायथॉन हटकत नाही. ती ओळ महिनाअखेरीलाच चालत असेल, तर महिनाअखेरीलाच कळणार. जावाचा कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, ते चालायच्या आधीच अडवतो. दहाजण एकाच कोडवर वर्षानुवर्षं काम करतात, तेव्हा या अडवण्याची किंमत कळते.

वेगावरून तर लोक हमरीतुमरीवर येतात. साध्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करताना, पायथॉन मागे पडते, हे खरं. पण पायथॉनमध्ये आकडेमोडीसाठी सगळे वापरतात त्या नमपाय या तयार कोडसंग्रहाचा गाभा सी भाषेत आहे, नेहमीच्या पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्रॅमही सीमध्येच. जावाचं कोड चालवणारं हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीन बरंचसं सीच्याच घराण्यातल्या सी++ मध्ये. दोघी दुसऱ्याच घराण्याच्या खांद्यावर उभ्या असताना श्रेष्ठ कुणाला म्हणायचं?

डेटा, मशीन लर्निंग किंवा एक्सेलच्या पन्नास फाइली एकत्र करणं असलं काम डोळ्यांसमोर असेल तर पायथॉन घ्या. बँकांसारख्या ठिकाणची मोठी सर्व्हर-सॉफ्टवेअर खुणावत असतील तर जावा. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१९ पासून कोटलिन या भाषेला पसंती दिली आहे, पण जावा येत असेल तर कोटलिनकडे वळणं सोपं जातं.

आणि काहीच ठरलेलं नसेल, तर तुमच्या वर्गातल्या किंवा घरातल्या कुणाला यातली कुठली येते ते बघा. पहिल्या दोन महिन्यांत रात्री अकराला एका कंसावरून गाडी अडते, तेव्हा शेजारी बसून तो कंस दाखवणारं माणूस लागतं.