मुंबईचा पाणीपुरवठा: धरणांना पैकीच्या पैकी, शेवटच्या नळाला काठावर पास

बृहन्मुंबई महापालिकेच्या पाणीपुरवठ्याला एकच गुण देणं अन्यायाचं होईल. धरणापासून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतचं काम एका दर्जाचं आहे, तिथून सोसायटीच्या टाकीपर्यंतचं दुसऱ्या.

आधी चांगलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि शेवटी २०१४ मध्ये मध्य वैतरणा. वैतरणेची रचना फार सुरेख आहे: वरच्या दोन धरणांतलं पाणी नदीपात्रातूनच मोडकसागरात येतं आणि तिथून शहराकडे निघतं. वाटेवर उतार असल्याने पंपांचा खर्च वाचतो. भातशाचं तसं नाही. पिसे इथे पाणी उपसावं लागतं, पांजरापूरला शुद्ध करावं लागतं, म्हणून पिशाला वीज गेली की मोठ्या भागाला फटका बसतो. सातही तलावांची उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातला जवळपास निम्मा साठा एकट्या भातशात.

रोजचा पुरवठा साधारण ३,९०० दशलक्ष लिटर. १ ऑक्टोबरला तलाव काठोकाठ असतील तर जुलै सुखाने गाठता येतो. ते थोडे जरी कमी भरले आणि पाऊस लांबला, की कपात ठरलेली. २०१४ नंतर नवं धरण झालेलं नाही, शहर मात्र वाढतच आहे. ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव.

भांडुप संकुलात गाळ बसवणं, वाळूतून गाळणं, क्लोरिन देणं हे सगळं चोख. जमिनीखाली खोल गेलेले जलबोगदेही भक्कम आहेत. गंजत नाहीत, त्यातून कुणी चोरटी जोडणी घेऊ शकत नाही. पण ठाण्यात कुणीतरी मारलेली बोअरवेल थेट बोगद्यात घुसली आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून १५ टक्के कपात करावी लागली. बोगद्याच्या वर बोअरवेलला परवानगी देताना नकाशा पाहायलाच हवा, यात सूट नको.

खरी गडबड शेवटच्या टप्प्यात. बहुतेक भागांना दिवसातून काही तासच पाणी मिळतं. चावीवाल्याने झडप बंद केली की नळी रिकामी होते, आत दाब उरत नाही आणि गटारातून गेलेल्या गंजक्या नळीच्या भोकातून घाण आत ओढली जाते. त्यात कुणी नळीलाच थेट पंप लावला असेल तर ती आणखी जोरात ओढली जाते. पुन्हा पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतात ती यामुळेच. भांडुपला दोष देऊन उपयोग नाही.

सोसायटीने काय करावं? फ्लोट व्हॉल्व्हच्या (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या झडपेच्या) आधी एक निचऱ्याचा कॉक बसवावा आणि पहिली दहा मिनिटं ते पाणी बागेला सोडावं. आत येणाऱ्या नळीचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वर हवं, बुडालेलं अजिबात नको. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीपासून वीतभर उंच ठेवावं. सपाट झाकणातून पावसाचं पाणी सरळ आत जातं. हिशेबही सोपा आहे: १०० घरं, घरात ५ माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे रोज ६७,५०० लिटर. पाणी ३ तास येत असेल तर ताशी २२,५०० लिटर आत यायला हवं. तेवढं येत नसेल तर आधी मीटरची जाळी साफ करा, मग टँकरचा विचार करा.

क्लोरिन तपासायला ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब पुरतात: नमुना पिवळा झाला तर क्लोरिन आहे, रंगहीनच राहिला तर नाही. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. शेजारच्या इमारतीत पिवळा आणि तुमच्याकडे रंगहीन आला, तर गळती बहुधा तुमच्याच जोडणीत आहे. गटारातून गेलेली ती नळी परवानाधारक प्लंबरकडून बदलून घ्या, आणि नवी टाकताना गटाराच्या वरून न्या.