थायरॉईड: मंदावलेला आणि उधळलेला

"मला थायरॉईड आहे," असं आपण सहज म्हणून जातो. थायरॉईड तर प्रत्येकालाच असतो: गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. विचारायचं ते हे, की ती कमी काम करतेय की जास्त?

कमी, म्हणजे हायपो. चयापचय मंदावतं. माझी आई भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावायची. कंगव्यात केसांचा पुंजका, आवाज घोगरा, पोट साफ नाही. आम्ही सगळं वयावर ढकललं, त्याची खंत अजून आहे. अशा वेळी रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, बहुधा वाढलेला असतो. तो सोडणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी सुस्त थायरॉईडला हाका मारत असते.

जास्त, म्हणजे हायपर. तिथे उलट. भरपूर जेवूनही वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, टीएसएच तळाला जातो. ग्रेव्हज आजारात शरीराचीच प्रतिपिंडं ग्रंथीला सतत डिवचतात; काहींचे डोळेही पुढे येतात.

मला हायपो जास्त फसवा वाटतो, कारण तो दबक्या पावलांनी येतो. मात्र हायपरमध्ये हृदयाची लय बिघडू शकते, तिथे चालढकल नको.

हायपोची थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तास लांब. हायपरसाठी कार्बिमाझोल देतात. ते चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासा. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटलेल्या असू शकतात.