लिंबाचा वास उडतोच, मॅडम

पुरुषांसाठी उन्हाळ्यात वापरायचा परफ्यूम घ्यायला निघाला असाल, आणि त्यातही लिंबू-संत्र्याच्या जातीचा, तर आधी हे वाचा. या प्रकारात फसवणाऱ्याचा बचाव आधीच तयार असतो. आणि तो बचाव खरा असतो, हीच त्यातली गोम.

माझा धाकटा भाऊ औषध कंपनीत एमआर आहे. सिन्नर, निफाड, ओझर असा त्याचा फेरा, तोही बाइकवर. नाशिक म्हणजे थंड हवा असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी मे महिन्यात दुपारी द्वारका चौकात सिग्नलला उभं राहून बघावं. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि गड्याला इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टरांच्या केबिनबाहेर हसतमुख बसायचं असतं. ऊद किंवा गोडसर व्हॅनिलाचा सुगंध अशा उन्हात लावणाऱ्यालाच नकोसा होतो, शेजारी बसणाऱ्याची तर गोष्टच सोडा. म्हणून त्याच्या वाढदिवसाला एका नामांकित फ्रेंच कंपनीचा परफ्यूम द्यायचं ठरवलं. आधी लिंबू आणि बर्गमॉट या आंबट फळाचा वास, मागून वाळ्याचा. ऑफिसात एक सर लावतात, त्यामुळे वास ओळखीचा होता.

गंगापूर रोडच्या बाजूला उन्हाळी सेल लागला होता. कुर्ते, लोणची, मसाजची खुर्ची, आणि एका कोपऱ्यात काचेच्या कपाटात परफ्यूम. विकणारा तिशीचा, बोलायला अगदी मऊ. ‘मुंबईच्या डीलरचा जादा स्टॉक आहे मॅडम, सीझन संपायच्या आत काढायचाय.’ छापील किंमत सात हजारांच्या वर, तो २,६०० ला देत होता. ‘स्वस्त का’ हे विचारायच्या आधीच उत्तर मिळालं होतं, हे आता जाणवतं.

त्याने टेस्टरमधून, म्हणजे वास दाखवायला उघडून ठेवलेल्या बाटलीतून, कागदी पट्टीवर एक फवारा मारला. वास अस्सल. तसूभरही फरक नाही. मग कपाटातून प्लॅस्टिक गुंडाळलेला खोका काढला. मी म्हटलं, यातलाच एक फवारा मारून दाखवा. तो हसला. ‘गिफ्ट द्यायचंय ना मॅडम? सील फोडलं तर भाऊ काय म्हणेल?’

या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. भेटवस्तू घेणारा खोका उघडत नाही. ज्याला मिळते तो आपल्या माणसाला ‘वास बरोबर नाही’ असं तोंडावर सांगत नाही. दोघांच्या संकोचात सेलचे दिवस निघून जातात आणि मांडव उठतो.

बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आपल्याकडे छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सगळे कर धरूनच असते. एमआरपीपेक्षा कमीत विकतोय आणि वर पुन्हा कर मागतोय, याचा अर्थ त्याला कागद द्यायचाच नाही. पैसे यूपीआयने गेले. स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. ‘मालकाच्या भावाचं खातं आहे.’

भावाने बरेच दिवस काही सांगितलं नाही. एकदा जेवताना मीच विचारलं तेव्हा म्हणाला, ‘छान आहे ताई, पण सातपूरला पोचेपर्यंत उडून जातो.’ मी विक्रेत्याला फोन लावला. त्याने उचलला, हे विशेष. म्हणाला, ‘लिंबाचा वास उडतोच, मॅडम. सायट्रस आहे. कंपनीला विचारा.’

आणि हे खोटं नाही. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांची तेलं सालीतून काढतात. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिणेकडच्या कॅलाब्रियातलं आंबट फळ, त्याच्या सालीचं तेल सुगंधाच्या धंद्यात मानाचं. या तेलांत लिमोनीनसारखी हलकी द्रव्यं असतात आणि अंगाच्या उबेने ती चटकन उडून जातात. पहिला तजेला अर्धा-पाऊण तास टिकला तरी पुष्कळ. जोहान मारिया फरीना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात ‘ओ द कोलोन’ नावारूपाला आणलं, तेव्हापासून हे असंच आहे.

पण लिंबू उडून गेल्यावर खाली काय उरतं, त्यातच अशा परफ्यूमची ऐट असते. १९६६ साली एडमंड रुडनित्स्का या फ्रेंच परफ्यूमकाराने दिओर कंपनीसाठी ‘ओ सोव्हाज’ हा परफ्यूम बनवला, त्यात लिंबाच्या मागे हेडिओन नावाचं मोगऱ्या-चमेलीच्या वळणाचं द्रव्य आणि वाळा ठेवला. ताजेपणा ओसरल्यावरही शर्टाला काहीतरी राहतं, ते यामुळे. वाळा तर आपल्या घरचा. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरात त्याचा वास वेगळा ओळखावा लागत नाही.

तो फोन झाल्यावर पर्समधली ती कागदी पट्टी आठवली. पावत्या आणि गोळ्यांच्या पाकिटांखाली चुरगळून पडली होती. नाकाशी धरली, तर लिंबाचा मागमूस नव्हता, वाळा मात्र होता. भावाचा आदल्या दिवशीचा न धुतलेला शर्ट घेतला. घामाखेरीज काही नाही. एकच परफ्यूम कागदावर इतके दिवस राहतो आणि सुती कॉलरवर एक रात्रही राहत नाही, हे होत नाही. टेस्टर खरा होता, खोक्यातला माल दुसराच होता.

खात्री करायला बाटली घेऊन जुन्या नाशकात अत्तर विकणाऱ्या एका चाचांकडे गेले. त्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि आधी बाटलीची मान बघितली. पंपाच्या खाली धातूची कडी असते, ती कारखान्यात यंत्राने दाबून बसवतात. आमच्या बाटलीच्या कडीवर पकडीचे ओरखडे होते. ‘बाटली असली है बेटा, अंदर का माल बदला है.’ रिकामी बाटली कुठूनतरी आणायची, कडी उचकटायची, स्वस्त लिंबाच्या वासाचं स्पिरिट भरायचं, कडी परत दाबायची, वर नवा खोका आणि नवं प्लॅस्टिक. खोक्यावरचा बॅच कोड, म्हणजे माल कुठल्या खेपेतला ते सांगणारा क्रमांक, आणि बाटलीच्या तळाचा कोड वेगवेगळे निघाले. अस्सल मालात ते एकच असतात. मात्र दोन्ही जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका, खरा कोड बघून हुबेहूब छापणं काही अवघड नाही. कोड तपासणाऱ्या वेबसाइट फार तर तो कोड कधीचा आहे एवढंच सांगतात, बाटलीत काय आहे ते त्यांना कुठून कळणार?

त्यापेक्षा खोक्यावरचं स्टिकर वाचा. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं, आणि सौंदर्यप्रसाधन असल्यामुळे आयात नोंदणीचा क्रमांकही. आमच्या खोक्यावर नुसती किंमत होती.

पैशांपेक्षा मला राग आला तो भावाच्या मानेचा. कॉलरच्या वर लाल चट्टे उठले होते आणि मग ते काळपट पडले. त्याला तो उन्हाचा त्रास वाटत होता. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाटलीत काय आहे हे तपासल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही, पण बर्गमॉटसारख्या सालीच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की असे डाग पडू शकतात. चांगल्या कंपन्या हे द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा त्याचं प्रमाण मर्यादेत ठेवतात. स्पिरिट भरणाऱ्याला कसली आलीय मर्यादा! बनावट मालाचा खरा धोका हाच. वास गेला तर पैसे गेले म्हणता येतं. मान रोज उन्हात असते.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली. पहिला प्रश्न होता: बिल आहे का? माझ्याकडे यूपीआयची नोंद, खोक्याचे आणि बाटलीचे फोटो, आणि त्याचं ‘उडतोच मॅडम’ हे बोलणं, जे सुदैवाने त्याने नंतर मेसेजमध्येही लिहून पाठवलं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर फोनवर भांडत बसू नका, लेखी विचारा. लेखी उत्तर देणारे बरेच असतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार दाखल करता येते. माझी अडचण वेगळी आहे. तक्रार कुणाविरुद्ध करायची? आयोजक म्हणतात, आम्ही फक्त जागा भाड्याने दिली, स्टॉलवाल्याची माहिती ‘शोधून’ देतो. तो शोध अजून चालू आहे. हाच सगळा व्यवहार ऑनलाइन झाला असता तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकलेले.

आता असा सुगंध घेताना मी टेस्टरला हात लावत नाही. जी बाटली घरी न्यायची ती बिल झाल्यावर काउंटरवरच उघडायची, तिचाच फवारा पट्टीवर घ्यायचा. कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने कपाळावर आठी न आणता हे करू दिलं आणि खोका पुन्हा नीट गुंडाळूनही दिला. भेट म्हणून त्याने काही कमी झाली नाही. पट्टीवर तारीख लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्या, लिंबाच्या जागी काहीतरी उरलेलं असलं पाहिजे.

आणि घरातली महागडी बाटली संपली की ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. लेबल खरवडा, पंप वाकवून टाका, खोका फाडा. ऑनलाइन रिकाम्या बाटल्या विकत घेणारेही आहेत. कशासाठी घेतात, ते वर लिहिलंच आहे.