जुनी पद्मिनी विजेवर: गिअरबॉक्स ठेवायचा की काढायचा?

बॅटरी केवढी घ्यायची यावर सगळे डोकं लावतात. कमी खर्चात प्रीमियर पद्मिनी ही जुनी पेट्रोल गाडी विजेवर न्यायची तर आधी ठरवायचं ते वेगळंच: मूळचा गिअरबॉक्स ठेवून त्याला छोटी मोटर जोडायची, की तो काढून मोठी मोटर थेट प्रोपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) द्यायची? सपाटीवर दोन्ही चालतं. कोकणात मात्र घरची वाटच घाटीची असते.

हिशोब असा. माणसं आणि बॅटरी धरून गाडी ११०० किलो, चढ ८ मीटरला १ मीटर. उभी गाडी तिथे हलवायला चाकांवर सुमारे ४३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. डिफरन्शियल (मागच्या आसावरचा, हा जोर वाढवणारा गिअर) सव्वाचार पटीचा धरला, तर थेट जोडलेल्या मोटरला एकटीला १०० न्यूटन-मीटर द्यावा लागतो, तोही वेग जवळजवळ शून्य असताना. मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर स्वस्तातला असला तर इथेच तापतो आणि ऐन वळणावर ताकद कापतो. गिअर दुपटीचा असला तरी हा भार निम्मा होतो. मग १५ किलोवॅटची मोटर पुरते.

गिअरबॉक्स ठेवण्यात खरी कटकट अ‍ॅडॅप्टर प्लेटची, म्हणजे मोटर गिअरबॉक्सवर बसवणाऱ्या प्लेटची. १२ ते १६ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट आणि कपलर (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा) लेथवर करून घ्यावा लागतो. मोटर आणि इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. डायल गेजवर ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर प्लेट परत लेथवर. नाहीतर आधी स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) झिजते, मग बेअरिंग आवाज करायला लागतं. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक इंजिनच्या बाजूच्या बुशवर टेकलेलं असतं. इंजिन काढलं की तो आधार कपलरमध्ये द्यायचा. हे हमखास विसरलं जातं.

थेट जोडणीत ही भानगड नाही, आवाजही कमी. गिअरबॉक्स आधीच संपलेला असेल आणि गाडी किनाऱ्यालगतच फिरणार असेल, तर तीच घ्या. बाकीच्यांनी गिअरबॉक्स ठेवावा आणि वाचलेला पैसा बॅटरीत घालावा.

बॅटरी दोन्हीकडे एकच: एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेटचे) १०५ अँपिअर-अवरचे ४५ सेल, म्हणजे १४४ व्होल्ट आणि सुमारे १५ युनिट. जपून ८० ते ९० किलोमीटर. ७२ व्होल्टचा संच स्वस्त दिसतो, पण तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट, म्हणजे त्याच वायरीत चौपट उष्णता. शिशाच्या बॅटऱ्यांचा विचार सोडा, वजनानेच गाडी बसेल.

पद्मिनीला वेगळी शॅसी नाही. पत्राच भार घेतो. खाऱ्या हवेने तळ सडला असेल तर बॅटरीच्या पेटीआधी वेल्डिंग. वायरीच्या टोकाचे लग कथिलाचा थर दिलेले तांब्याचे, कनेक्टर आयपी६७ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरसी बुकात चढवावा लागतो, म्हणून मोटर-बॅटरीचं किट मंजूर आहे का हे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. गाडीने पन्नाशी ओलांडली असेल तर थांबा: इंजिन काढलं की व्हिंटेज नोंदणीचा (मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा) दरवाजा बंद.

उताराला गिअर खाली टाकला की रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणं, वाढतं. थेट जोडणीत ती सोय नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मात्र दोन्हीकडे रीजन बंद पडतं आणि सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत चार्जिंग केलंत तर ८० टक्क्यांवर थांबवून मगच सावंतवाडीकडे उतरा.