रोटरी-लायन्सचं रुग्णसाहित्य केंद्र: काय बिनधास्त आणावं, काय तपासून घ्यावं

सेवाभावी क्लब म्हटलं की आधी आठवतं ते वृक्षारोपण, वह्यावाटप आणि बसथांब्यावरचं बाकडं, ज्यावर बसायच्या जागेपेक्षा देणगीदाराचं नावच ठळक असतं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रोटरी किंवा लायन्स क्लबची मंडळी एक काम बारा महिने चालवतात, आणि त्याचे फोटो फारसे छापून येत नाहीत. ते म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, फाउलर बेड (हँडल फिरवून पाठ-गुडघे उचलता येणारा दवाखान्यातला पलंग), अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी, ऑक्सिजन मशीन अशा वस्तू डिपॉझिटवर घरी नेता येतात. जागा बहुतेक वेळा एखाद्या सदस्याच्या दवाखान्यामागची खोली, नाहीतर मेडिकल दुकानाचा पोटमाळा.

आमचा निवाडा आधीच सांगतो. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर इथूनच आणा. फाउलर बेडही आणा, मात्र घराची मापं घेऊन. हवेची गादी शक्यतो स्वतःची विकत घ्या. ऑक्सिजन मशीन चालवून पाहिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढू नका.

कागद फारसे लागत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत, आधारची प्रत, आणि काही ठिकाणी क्लबच्या सदस्याची ओळख. ओळख नसेल तर जवळच्या मेडिकलवाल्याला विचारा, फोन कोणाला करायचा हे त्याला सहसा माहीत असतं. भाडं नाममात्र किंवा शून्य. मुदत साधारण महिन्याची असते आणि वाढवून मिळते, पण तसं आपण होऊन सांगावं लागतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर महिन्यात सुटेलच असं नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन महिने लिहून घेतलेले बरे.

गोंधळ होतो तो जुलैत. दोन्ही संस्थांचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार एकदमच बदलतात. मग किल्ली कोणाकडे आणि डिपॉझिटची रोख कोणाकडे, हे ठरेपर्यंत पंधरवडा जातो. जूनमध्ये वस्तू घेणाऱ्यांनी पावतीवर क्लबचा शिक्का आणि अंकी-अक्षरी रक्कम आहे ना हे बघावं. नुसत्या सहीवर भागवू नये, कारण परत करताना तो सही करणारा माजी सचिव झालेला असतो. जिथे केंद्र क्लबच्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि एकच माणूस वर्षानुवर्षं रजिस्टर सांभाळतो, तिथे हा घोळ जवळपास होतच नाही.

आता वस्तू. वॉकर घेताना सगळ्यात आधी पायांखालची रबरी बुचं उलटी करून बघा. झिजून गुळगुळीत झाली असतील तर ओल्या फरशीवर वॉकर सरकतो, आणि खुबा मोडलेला माणूस तिथेच दुसऱ्यांदा पडतो. नवी बुचं किरकोळ पैशांत मिळतात, तरी बदलायची राहून जातात. उंची अशी ठेवा की रुग्ण ताठ उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत येईल. चारही पायांची बटणं एकाच उंचीच्या भोकात ‘टक्’ करून बसली पाहिजेत. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे केंद्रात कोणी सांगत नाही आणि निम्मे लोक उलटं करतात.

व्हीलचेअरची बैठक सहसा १८ इंचांची असते, पण चाकं धरून रुंदी २५-२६ इंच होते. आपल्याकडच्या संडास-बाथरूमचं दार पुष्कळदा २४ इंचांचंच असतं. म्हणजे खुर्ची दारापर्यंतच जाणार. अशा घरात चाकं असलेली अरुंद कमोड खुर्ची जास्त कामाची. खुर्ची घेताना दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा. टायरमध्ये हवा कमी असली की ब्रेक लागल्यासारखा दिसतो, पण पकडत नाही. पायपट्ट्या दोन्ही आहेत का, तेही पाहा. उतारावरून खुर्ची नेहमी मागच्या बाजूने उतरवायची.

फाउलर बेडला पायाकडे दोन हँडल असतात, एक पाठ उचलायला आणि एक गुडघे. एकच हँडल असेल तर तो सेमी-फाउलर, त्यात फक्त पाठ वर होते. नळीने अन्न जाणाऱ्या किंवा दम लागणाऱ्या रुग्णाला तेवढं पुरतं. बेड साधारण साडेसहा फूट बाय तीन फूट, आणि बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही. छोटा हत्ती आणि जिन्यावरून चढवायला चार माणसं धरून चाला, क्लब वाहतूक देत नाही. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या पाट्या निघतात, त्या आधी काढा. घरची कापसाची गादी यावर चालत नाही, पाठ उचलली की ती मधेच गोळा होते. चार भागांत दुमडणारी फोमची गादी बेडबरोबर मागून घ्या. निघण्याआधी दोन्ही हँडल पूर्ण फिरवून बघा आणि चाकांचे लॉक तपासा.

हवेच्या गादीला आम्ही केंद्रातून नको म्हणतो त्याची दोन कारणं. ती आधीच्या रुग्णाच्या जखमांना, मलमूत्राला लागलेली असते आणि फुगवट्यांमधल्या खाचा नीट धुतल्या जात नाहीत. शिवाय पीव्हीसीला बारीक भोकं पडलेली असतात, आणि सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन त्यावर धरत नाही. नवी गादी पंपासकट फार महाग नाही. ती नेहमीच्या गादीवर पसरायची, पंप पायाकडे टांगायचा आणि चोवीस तास चालू ठेवायचा. वर एकच पातळ चादर. थंडी वाजते म्हणून खाली गोधडी घातली की गादीचा उपयोग संपला. कंबरेखाली हात घालून बघा, शरीर खालच्या गादीला टेकत असेल तर पंपाचा दाब वाढवा. आणि गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही.

ऑक्सिजन मशीनवर जरा थांबायला हवं. २०२०-२१ मध्ये क्लबांकडे ही यंत्रं देणग्यांतून आली आणि आज त्यातली पुष्कळ खोक्यात पडून आहेत. मशीनमध्ये झिओलाइट असतं, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं, त्यातही कोकणासारख्या दमट हवेत, की झिओलाइट ओलावा शोषतं आणि शुद्धता उतरते. मग नळीतून वारा येतो, पण प्राणवायू पुरेसा नसतो. चांगलं यंत्र ९० टक्क्यांच्या वर राहतं. म्हणून केंद्रातच मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवा, अलार्मचा दिवा बघा, आणि शुद्धता मोजायचं उपकरण त्यांच्याकडे असेल तर डॉक्टरांनी मिनिटाला जितके लिटर लिहिलेत त्याच प्रवाहावर मोजायला सांगा. त्या काळात आलेल्या काही स्वस्त यंत्रांवर ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेलं असतं. प्रवाह वाढवला की शुद्धता कोसळते. अशी परत ठेवा.

घरी भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, मशीनला जोडलेल्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला, फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा, नाकातली नळी नवीच घ्या. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट घेतं, म्हणजे दिवसाला आठ-साडेआठ युनिट. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर फार तर दोन-तीन तास ओढेल. वीज जाणाऱ्या गावात जोडीला ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर हवाच. त्यात सुमारे १,५०० लिटर असतात, मिनिटाला दोन लिटरने बारा तास निघतात. लिटर स्वतःच्या मनाने वाढवायचे नाहीत. जुन्या दम्याच्या आणि सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाला जादा ऑक्सिजन घातक ठरू शकतो.

परत करताना वस्तू एक टक्का हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणाने पुसून, धातूचा भाग साध्या पाण्याने पुन्हा पुसून, उन्हात वाळवून द्या. नेतानाच मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले असतील तर डिपॉझिटमधून कापाकापीचा वाद होत नाही.

याच क्लबांच्या बाकीच्या उपक्रमांविषयी थोडक्यात. रक्तदान शिबिरात तीनशे पिशव्यांचा आकडा ऐकून भारावू नका. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. एकाच जयंतीला सगळ्या गावाने रक्त दिलं तर मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, पुन्हा टंचाई. जाणते क्लब आधी रक्तपेढीला विचारून तारीख ठरवतात. दात्यांसाठी नियम तेच: वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर.

मोतीबिंदूचं काम लायन्सकडे १९२५ पासून, हेलन केलर यांनी अमेरिकेतल्या त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं तेव्हापासून, वारशाने आलंय. शिबिर चांगलं की नाही हे ओळखायचं तर तीन गोष्टी विचारा. ऑपरेशन कायमच्या नेत्र रुग्णालयात होणार ना, की तात्पुरत्या जागेत? साखर, रक्तदाब आणि लेन्सचं माप आधी घेणार ना? आणि महिना-दीड महिन्यानंतरच्या तपासणीला गाडी पाठवणार का, चष्मा त्यातच धरलाय का? पहिल्या दोन्हींना सहसा ‘हो’ येतं. तिसऱ्याला काचकूच झाली, तर ऑपरेशन होऊनही आजोबांना पेपर वाचता येत नाही, आणि चष्म्याच्या दुकानापर्यंत त्यांना नेणारं कोणी नसतं.