आयरिश हिस्टरीचा इंट्रो कोर्स: वर्गात ठीकठाक, बाहेर एक नंबर

डब्लिनला शिकायला आलेल्या बाहेरच्या पोरांसाठी कॉलेजात आयर्लंडचा इतिहास आणि संस्कृती असा एक छोटा कोर्स असतो, क्रेडिट सोपे मिळतात म्हणून सगळे घेतात, मीही त्याच हिशोबाने घेतला. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

वर्गातले लेक्चर्स म्हणजे स्लाइड्सचा मारा. सेल्टिक लोक, व्हायकिंग, नॉर्मन, क्रॉमवेल सगळं धडाधड. पण दुष्काळाचं लेक्चर मात्र जबरदस्त झालं, 1845 ला बटाट्यावर रोग पडला हे आपल्याला माहीत असतं, पण गरीब माणूस जवळपास फक्त बटाट्यावरच जगत होता आणि लोक मरत असताना धान्य आणि गुरं जहाजातून ब्रिटनला जातच होती हे ऐकून डोकं सणकतं. दहा लाखाच्या आसपास माणसं गेली, तेवढीच देश सोडून गेली. 1841 ला बेटावर ऐंशी लाखाच्या वर लोक होते, आजही तो आकडा परत गाठलेला नाही, विचार करा.

खरे पैसे वसूल होतात ते ट्रिप्समध्ये. किल्मेनम जेल तर चुकवूच नका. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावाच्या चौदा नेत्यांना इथल्या अंगणात गोळ्या घातल्या. तिथे दोन साधे काळे क्रॉस आहेत, एक आतल्या टोकाला आणि दुसरा गेटजवळ, हा दुसरा त्या चौदांपैकी जेम्स कॉनोलीचा, जखमी असल्यामुळे त्याला उभंच राहता येत नव्हतं म्हणून गेटमधून आत आणून खुर्चीला बांधून मारला. आमची गाइड हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती, त्यामुळे जास्तच लागलं.

न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याला जाताना मला वाटलं दगडांचा ढिगारा बघायचाय. इसवी सनापूर्वी 3200 च्या आसपासचं बांधकाम, गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं. अंग चोरून त्या चिंचोळ्या बोळातून आत गेलात की गाइड लाइट बंद करते आणि डिसेंबरमधल्या सगळ्यात छोट्या दिवसाला सूर्य उगवताना उजेड कसा आत शिरतो ते दिव्याने दाखवते. बॅग वगैरे घेऊन जाऊ नका, अडकाल.

क्रोक पार्क स्टेडियमला हर्लिंगची (काठी-बॉलचा आयरिश खेळ) स्टिक हातात देतात, बॉल उडवायचा प्रयत्न करा, लाज जाते अक्षरशः. एवढं मोठं स्टेडियम, ऐंशी हजारांवर लोक बसतात आणि खेळणाऱ्यांना पगार नाही, सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर!

आता तक्रार. 1922 नंतरचं सगळं शेवटच्या लेक्चरमध्ये उरकलं. ब्रिटनशी केलेल्या स्वातंत्र्याच्या करारावरून आपसातच झालेलं सिव्हिल वॉर एका स्लाइडवर, आणि फिना गेल, फिआना फॉल हे दोन मोठे पक्ष त्याच भांडणाच्या दोन बाजूंतून आले हे सांगितलंच नाही, 2020 ला दोघं पहिल्यांदा एकत्र सरकारात बसले तेव्हा एवढी चर्चा का झाली ते मग कळणार कसं? नॉर्दर्न आयर्लंडमधल्या हिंसाचाराची तीस वर्षं, साडेतीन हजारांच्या आसपास बळी, 1998 चा गुड फ्रायडे शांतता करार, यालाही जेमतेम वीस मिनिटं. बेलफास्टची ट्रिप तर शेड्यूलमध्येच नाही, डब्लिनवरून थेट ट्रेन आहे तरी.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचा तर घ्या, पण फायनल एसे दुष्काळावर लिहू नका, अर्धा वर्ग तोच टॉपिक घेतो. आणि कोर्सची बॅच चुकली तर किल्मेनमचं तिकीट स्वतः ऑनलाइन आधीच काढा, ऐनवेळी मिळत नाही.