‘फेज टू’ म्हणून जुना स्कॅनर गळ्यात मारला, ६७३ डॉलर गेले

सेकंडहँड ट्रंकिंग स्कॅनर (मोजके चॅनल वाटून वापरणारं पोलीस-अग्निशमन दलाचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) घेणार असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. स्कॅनरचे ४७५, आमच्या काउंटीचे (अमेरिकेतल्या जिल्ह्याचे) चॅनल त्यात भरण्याचे, म्हणजे प्रोग्रॅमिंगचे ६०, शिपिंगचे १८ आणि नंतर ‘अनलॉक’चे १२०. एकूण ६७३ डॉलर. त्यातला एक सेंटही परत आलेला नाही.

आमच्या काउंटीची रेडिओ सिस्टीम पी२५ फेज टू, ८०० मेगाहर्ट्झची. पी२५ म्हणजे पोलीस-अग्निशमन दलाच्या डिजिटल रेडिओचं मानक, फेज टू ही त्याची फेज वननंतरची पिढी. जाहिरातीत ठणकावून लिहिलं होतं: फेज टू चालतो, सायमलकास्टवरही (अनेक टॉवरवरून एकाच वेळी होणारं तेच प्रसारण) अडखळत नाही, तुमच्या काउंटीचे चॅनल भरून देतो. मॉडेल नंबर मात्र कुठेच नाही. जिथे मॉडेल नंबर लपवलाय तिथे थांबूच नका.

मी व्हिडिओ मागितला. विक्रेत्याने लगेच पाठवला. डिस्पॅचर बोलतेय, फायर इंजिन उत्तर देतंय, आवाज स्वच्छ. आणि स्क्रीनवर आकडा होता ४६० च्या घरातला! आमच्या सिस्टीमचा आकडा ८५१ ते ८६९ च्या मधला हवा. टॉकग्रुपचं (आपसात बोलणाऱ्या रेडिओंच्या गटाचं) नाव नाही, आयडी नाही. साधा अ‍ॅनालॉग चॅनल होता तो. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, बायकोला दाखवला, आणि प्रत्येक वेळी कान आवाजाकडे. तो आकडा आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण मागितलेला पुरावा समोरचा तत्परतेने देतो, तेव्हा कोण संशय घेतो?

आलेला स्कॅनर फक्त फेज वनचा. हे लगेच कळत नाही, कारण फेज टू सिस्टीममध्ये आवाज टीडीएमएच्या (एकच चॅनल वेळेचे तुकडे पाडून वाटून घेण्याच्या पद्धतीच्या) दोन स्लॉटमधून जात असला तरी कंट्रोल चॅनल (कोणतं बोलणं कुठल्या चॅनलवर, हे रेडिओंना सांगणारा) फेज वनचाच राहतो. त्यामुळे स्क्रीन जिवंत दिसते, सिग्नलचे दांडे भरतात, आवाज मात्र कानाला कळेल असा येत नाही. मी तक्रार केली तर म्हणाला, “बघा, सिस्टीम पकडतोय ना? फेज टूचं लायसन्स तेवढं अनलॉक करायचंय.” डीएमआर आणि एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल रेडिओ पद्धतींसाठी काही स्कॅनरना खरोखरच विकतचे अपग्रेड लागतात, म्हणून मला ते पटलं. १२० पाठवले आणि त्याचं खातं गायब.

पेमेंट अ‍ॅपवाले म्हणतात, ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायाने पाठवलंत, संरक्षण नाही. मग अनोळखी माणसाला तो पर्याय दिसतोच कशाला? विक्रीच्या साइटने ठरावीक साच्यातलं उत्तर पाठवून तक्रार बंद केली. ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून नुसता एक नंबर आला. पोलिसांकडे गेलो तर “हा दिवाणी मामला”, आणि वर मलाच प्रश्न, आमचं बोलणं तुम्हाला ऐकायचंय कशाला? खुल्या टॉकग्रुपवर अग्निशमन दल ऐकणं आमच्या राज्यात गुन्हा नाही, हे त्यांना मी समजावायचं! फसवणारा मोकळा, आणि उलटतपासणी माझी. त्या काउंटरवर झालेला अपमान पैशांपेक्षा जास्त लागलाय.

एन्क्रिप्टेड (सांकेतिक करून बंद केलेले) टॉकग्रुप ऐकवतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. असा कोणताही हौशी स्कॅनर बाजारात नाही, आणि ते मुद्दाम ऐकणं १९८६ च्या फेडरल कायद्याने गुन्हा आहे. व्हिडिओ मागाल तर तुमच्याच सिस्टीमचं नाव, टॉकग्रुप आणि त्या दिवशीची तारीख एकाच फ्रेममध्ये मागा. पैसे फक्त क्रेडिट कार्डाने.

तोच फोटो लावून तीच जाहिरात पुन्हा आली आहे. नाव वेगळं, किंमत ४५०.